दाजीबांचा रिकामा षड्ज

फसली सन १३५१, आजूर महिना : सोपान गुरव वारले. त्याच साली, बहमन महिना : त्यांचे धाकटे बंधू दाजीबा गुरव यांच्याविरुद्ध तहसिलीत फिर्याद दाखल झाली. त्याच साली, मेहेर महिना : फिर्यादीचा फैसला झाला. (निजामाच्या मुलखात आमच्या कागदांवर फसली साल आणि फारसी महिने चालत. आजच्या वाचकाने हे सारे १९४१ ची दिवाळी ते १९४२ चा श्रावण असे धरावे.) यंदाचा चैत्र : देवळाच्या जीर्णोद्धाराची स्मरणिका छापून निघाली, आणि तिच्या अकराव्या पानावर पुढील वाक्य आले : 'निजामी अमदानीत काही काळ वाजंत्र्याच्या अज्ञानामुळे पहाटेच्या सेवेत मालकंसासारखा अवेळचा राग वाजवला जात असे.'

या वाक्यातील असत्याला मी तिघांना जबाबदार धरतो. पहिले बापूसाहेब देशपांडे, ज्यांनी ही गोष्ट प्रथम उच्चारली. ते वारले; मरणापूर्वी त्यांनी आपला शब्द मागे घेतला होता, म्हणून ते सुटले. दुसरा, ज्याने ती गोष्ट कायद्याच्या भाषेत बसवून, तिकीट लावून, तहसीलदारांपुढे मांडली. तो बापूसाहेबांचा वकील मीच. तिसरे स्मरणिकेचे संपादक, ज्यांनी आपले नाव छापण्याचेही धैर्य दाखवलेले नाही. त्यांना मी तीन पत्रे लिहिली. तिन्हींची पोच आहे, उत्तर एकाचेही नाही.

ज्या माणसाला 'अज्ञान' हा शब्द लावला आहे तो कसा होता, हे आता सांगणे भाग आहे.

पाथरीपासून तीन कोसांवर, गोदेच्या काठी, ते गाव आहे. गावाचे नाव मी मुद्दाम घेत नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल. देवळाच्या नगारखान्यात पहाटे सनई वाजवून देव जागवणे ही गुरवांची पिढीजात सेवा, आणि त्या सेवेसाठी त्यांच्याकडे जमिनीचा एक तुकडा. सनदेत शब्द असे : 'प्रातःकाळी भूपाळीच्या सुराने देवास उठवावे, सेवेत खंड पडू नये.' खंड पडला तर सेवाही जाणार आणि जमीनही जाणार. दाजीबांना दुसरे काही नव्हते.

दाजीबा उंच, काटकुळे, आणि गाल मात्र असे सैल की वाजवत नसतानाही त्यांत कुणाची तरी ठेव ठेवली असावी असे वाटे. त्यांचा एक नेम होता. देवाच्या सनईखेरीज ते कशावरही फुंकर घालीत नसत. दिवा विझवायचा तर वात चिमटीत धरीत. चूल पेटत नसली तरी फुंकणीला हात लावीत नसत. घरातल्या बायका यावर काय म्हणत ते लिहिण्याजोगे नाही. गरम चहा समोर आला तर तो निवेपर्यंत कपाकडे पाहत बसत. मी एकदा म्हटले, "दाजीबा, बशीत ओतून फुंकर मारा की." त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "वकीलसायेब, फुंक मोजून देल्याली आस्ती मानसाला. च्यावर कशाला घालू?"

सनईच्या तोंडाशी बसवून फुंकायच्या पातळ पत्त्या ते तपकिरीच्या डबीत ठेवीत आणि डबी पागोट्याच्या पेचात खोवीत. काही विचारले की आधी डबी काढायची, पत्ती जिभेवर ओली करायची, मग बोलायचे. त्यामुळे त्यांचे उत्तर नेहमी उशिरा येई, आणि तोवर विचारणाऱ्याला आपला प्रश्न जरा मूर्खपणाचा वाटू लागे.

सनई एकट्याने वाजत नाही. जोडीला दुसरा एक पावा लागतो. त्याच्यावर बोटे फिरवायची नसतात. भोके मेणाने बुजवून एकच स्वर साधायचा आणि सनई चालू असेतो तो अखंड धरायचा. त्याला सूर म्हणतात. दाजीबांचा सूर चाळीस वर्षे थोरल्या सोपानांनी धरला. सोपानांना मी पाहिलेले नाही, पण सेलूच्या एका लग्नातली त्यांची गोष्ट त्यांचा मुलगा गणपत याच्याकडून ऐकली आहे. कापसाच्या एका बड्या व्यापाऱ्याने खूश होऊन दाजीबांना रेशमी फेटा बांधला, सोपानांना काहीच नाही. दाजीबांनी फेटा उतरवला, भावाच्या डोक्यावर ठेवला, आणि स्वतः बोडक्याने पुढची चीज घेतली. व्यापारी चिडला. "अहो, हा तर नुसता एक सूर फुंकतोय! ह्यात काय आलंय?" दाजीबांनी सोपानांना थांबायची खूण केली आणि तीच चीज एकट्याने पुढे वाजवली. मांडवातली माणसे बोलता बोलता गप्प झाली. काहीतरी निसटले होते, पण काय ते कुणाला सांगता येईना. दाजीबा थांबले आणि म्हणाले, "शेटजी, आता सांगा, म्या कुठं हाय?"

शेटजींनी दुसरा फेटा आणवला.

सोपान त्या आजूरमध्ये तापाने गेले. त्यानंतर सूर धरायला तिशीतला गणपत बसू लागला, आणि गावात एकाच माणसाची झोप उडाली.

बापूसाहेब देशपांडे देवळाला लागून राहत. हैदराबादेस दोन वर्षे गाणे शिकले होते, घरात पेटी होती, आणि कान खरोखरच उत्तम होता. हे मी त्यांचा वकील होतो म्हणून सांगत नाही. त्या कानानेच पुढे आमचा दावा बुडवला. ते पाथरीला माझ्या खोलीवर आले तेव्हा हातात स्वरलेखनाचा कागद होता.

"वकीलसाहेब, गुरवाने भूप सोडला. पहाटे मालकंस वाजवतोय."

"बरं मग?" मला संगीतातले ओ का ठो कळत नव्हते.

"बरं मग काय! मालकंस रात्रीचा राग. भुतं जागी होतात म्हणतात त्याने, आणि हा देव जागवतोय! भूपसुद्धा खरा संध्याकाळचा. पण देवळात भूपाळी पहाटे चालत आली आहे, ते मी मोठ्या मनाने सोडून दिलं होतं. हे कसं सोडू?"

महिनाभर ते पहाटे उठून खिडकीशी पेटी घेऊन बसले होते. गणपतच्या सुराशी पेटीची एकेक पट्टी लावून पाहिली : सूर पांढरी चार. ती सा धरली की सनईतले बाकीचे स्वर कोमल गंधार, मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद. मालकंसाचे पाचही स्वर, एकही इकडचा तिकडे नाही. "हा पुरावा आहे," ते म्हणाले, आणि मीही तसेच समजलो. माझे वय सव्वीस होते, दारावरची पाटी नवी होती.

फिर्याद मी उर्दूत लिहवली. 'कोमल गंधार' म्हणजे काय, हे कारकुनाला समजावताना माझी अर्धी दुपार गेली. सेवेत खंड पडला, सनदेचा भंग झाला, अवेळच्या रागामुळे गावात दोन बैल दगावले, एका विहिरीचे पाणी मचूळ झाले आणि पाटलांच्या सुनेची झोप उडाली, अशी कलमे मी क्रमवार घातली. बैलांचे कलम माझेच. आजही ते आठवले की कान तापतात.

प्रकरण आठ महिने चालले. त्या आठ महिन्यांत बापूसाहेबांनी चार अर्ज केले, मी दोन तारखा वाढवून घेतल्या, तहसिलीचा शिपाई नोटीस घेऊन दोनदा गावात गेला. आणि दाजीबांना 'हे असे का वाजते?' एवढा एक प्रश्न कुणीही विचारला नाही. मीही नाही.

तहसीलदारसाहेबांनी तपासणी देवळाच्या पटांगणातच ठेवली. ऐकायचीच गोष्ट आहे तर ती कागदावर कशाला ऐकायची, असे त्यांचे म्हणणे. वृद्ध, मेहंदीने रंगवलेल्या दाढीचे गृहस्थ. सतरंजीवर बसले, सारा गाव भोवती.

"नोटीस मिली थी?"

दाजीबांनी डबी काढली. पत्ती तोंडात घातली.

"अरे मियाँ, जवाब दो. मुँह में क्या है?"

पत्ती ओली झाली तेव्हा दाजीबांनी पागोट्यातून आमची नोटीस काढली. तिची घडी घालून आत जादाच्या पत्त्या गुंडाळल्या होत्या. "मिळाली साहेब. कागद लय चांगला हाय. पत्ती वाळत न्हाई."

साहेबांनी दाढीवरून हात फिरवला. हसू लपवत होते असे मला वाटले. "बजाव."

गणपतने सूर धरला, दाजीबांनी भूपाळी वाजवली. बापूसाहेबांनी पेटीची पांढरी चार दाबून तोच सूर असल्याचे दाखवले आणि सनईचे स्वर एकेक करून साहेबांना मोजून दिले. मालकंस. शंकेला जागा नव्हती. माझी मान ताठ झाली.

"कुछ कहना है?" साहेबांनी विचारले. आणि मग, आठ महिन्यांत प्रथमच, कुणीतरी तो प्रश्न विचारला. "ऐसा क्यूँ बजाते हो?"

"साहेब, सनई बदलली न्हाई. जी बापानं शिकवली तीच बोलायली. सूर तेवढा हलविलाय. आमच्या घरात कर्ता मानूस गेला की वरीसभर पाव्यात सा धरायचा न्हाई. त्येची जागा रिकामी ठिवायची. सूर गंधारावर न्यायचा. वरीस झालं की मेण काढून पुन्हा सा वर आणायचा. सोपान जाऊन वरीस व्हायाला अजून दोन महिनं हायेत."

 मी माझे काम केले. उठून म्हणालो की अशा रिवाजाचा सनदेत उल्लेख नाही, हा बचाव आजच्यापुरता रचलेला आहे, आणि खरोखर सूरच तेवढा हलला असेल तर मुद्दालेहाने, म्हणजे दाजीबांनी, या क्षणी सा वर सूर धरून भूप वाजवून दाखवावा.

दाजीबांनी मान हलवली. "ते न्हाई व्हनार."

"तर मग जमीन जाईल," मी म्हणालो. मोठ्याने म्हणालो, गाव ऐकावे म्हणून.

"जाऊ द्या. दोन महिन्यांसाठी भावाची जागा मोडू व्हय?"

गणपत काकांकडे वळला. तो म्हणाला, "काका, एकडाव वाजवा. माजे आबा काय रागवनार न्हाईत." दाजीबा त्याच्याकडे न बघता पत्ती चघळत राहिले.  मग सावकाश बोलले.

"साहेब, माज्या घरातला सा बंद हाय. बापूसायबांच्या घरात काय सुतक न्हाई. त्यांच्या पेटीत आमचा सा आसंल की. त्यांनीच धरावा."

साहेबांनी बापूसाहेबांकडे पाहिले. माझ्या पक्षकाराला नकार देण्यासारखे काही कारण मी शोधले, सापडले नाही. गणपतने पावा खाली ठेवला. बापूसाहेबांनी भाता उघडला आणि बोट पांढरी चारवरून काढून गुरवांच्या जुन्या सा वर, काळी एकवर, ठेवले. दाजीबांनी पत्ती ओठांत थोडी पुढेमागे करून पेटीशी जुळवून घेतली, आणि तीच भूपाळी, त्याच बोटांनी, त्याच गतीने वाजवली.

मला राग कळत नव्हते हे सांगितलेच आहे. पण उजाडलेले कुणाला कळत नाही? पटांगणातल्या बायकांनी आपोआप हात जोडले. एक पोर "देव उठला" असे ओरडले आणि आईचा रट्टा खाल्ला. दाजीबांनी न थांबता डोळ्यांनी खूण केली. बापूसाहेबांनी बोट पांढरी चारवर नेले : तीच चीज, आणि अंगणात रात्र उतरली. पुन्हा काळी एक : पुन्हा सकाळ. तिसऱ्या वेळी बोट न्यायचे ते विसरले. भाता हलत राहिला, बोट काळी एकवर तसेच, आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

गर्दीतून रखमाई म्हणून एक फार वृद्ध बाई काठी टेकत पुढे आल्या. "आरं, मला कुनी इचारंल का न्हाई? म्या लगीन करून ह्या गावात आले त्या वरसाला बी आसंच व्हतं. पहाट झाली तरी रात हाय वाटायचं. ह्येचा आजा गेलता तवा. सासू म्हनली, गुरवाचं वरीस हाय, गप दळ."

रिवाज साबित होण्यासाठी कायद्याला याहून जास्त लागत नाही. तहसीलदारसाहेबांनी तिथेच लिहवले : सेवेत खंड नाही, रिवाज जुना आहे, जमीन बहाल. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वकीलसाब, बैलों का क्या करना है?" सारा गाव हसला. मी खाली बघून कागद गोळा केले.

आयुष्यात मी बरेच दावे जिंकलो. पण छातीवरचा धोंडा उतरावा तसा मोकळा श्वास मी त्या दिवशी, दावा हरून घेतला. मी 'जमीन जाईल' म्हणालो तेव्हापासून तो तिथे बसला होता. ती गेली असती तर माझ्या कलमांमुळे गेली असती.

बापूसाहेब पेटी तिथेच टाकून दाजीबांपाशी गेले. "दाजीबा, पण मी ऐकत होतो ते बरोबर होतं हो. मालकंसच होता तो."

"व्हय की," दाजीबा म्हणाले. "तुमचा कान लय चांगला. येवड्या गावात एकट्या तुमालाच रोज कळायचं, सोपान न्हाई म्हनून."

बापूसाहेबांनी वळून गावासमोर आपला शब्द मागे घेतला. नंतरच्या पहाटेंना ते खिडकीत बसत, पण पेटीवाचून.

वर्ष भरले त्या दिवशी दाजीबांचा निरोप आला : 'वकिलांनी लिवलं तर व्हतं, आता येऊन ऐकावं.' मी गेलो. गणपतने पाव्यातले मेण कोरून काढले, नवे भरले, आणि सा परत आला. वाजवून झाल्यावर दाजीबा मला घाटावर घेऊन गेले. त्या घाटाच्या पायऱ्या ओबडधोबड, सारख्या उंचीच्या नाहीत.

"खालपासून चढा, आन् पायाला इचारा."

मी चढलो. ठेंगणी, पुन्हा ठेंगणी, मग उंच, मग ठेंगणी, मग उंच.

"ह्यो भूप. आता तिसऱ्या ठिकानी, दोन पायऱ्या चढून, उभं ऱ्हावा. हितंच जमीन हाय आसं समजा. चढा."

पहिलीच पायरी उंच आली. मग ठेंगणी, मग उंच, मग दोन ठेंगण्या. पाय निराळे पडू लागले, दमही निराळा लागला. दगड तेच होते.

"ह्यो मालकंस. पायऱ्या कुनी बदलल्या का? न्हाई. तुमी उभं कुठं ऱ्हायलाव, तेवडंच."

पुढे मी या विषयावर पुस्तके आणून वाचली. मूर्च्छना म्हणजे काय, एका रागाच्या स्वरांतून दुसरा राग कसा निघतो, सारे टिपून ठेवले. परंतु मला समजले ते त्या सकाळी, तळपायांना. स्मरणिकेचे संपादक ज्याला अज्ञान म्हणतात ते हे.

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या, निजामी राजवट संपतानाच्या धामधुमीत मी कुटुंबासह वऱ्हाडात निघालो. जाण्यापूर्वी दाजीबांना शेवटचे भेटलो. अर्धा गाव रिकामा झाला होता. ते नगारखान्याच्या पायरीवर बसून पत्ती तासत होते. "तुम्हीही चला," मी म्हणालो. त्यांनी डबी काढली, पत्ती जिभेवर धरली. मी वाट पाहिली. "उद्या पहाटं देव उठायचा हाय," ते म्हणाले. अंधारून आले होते. त्यांनी कोनाड्यातल्या दिव्याच्या वातीकडे चिमूट नेली आणि मला वाट दिसावी म्हणून जरा थांबून मगच ती विझवली.

राज्य पालटल्यावर परतलो तेव्हा हिवाळा लागला होता. बैलगाडीने पाथरीहून निघालो, मनात धाकधूक, की गाव उरले आहे की नाही. नदीच्या वळणावर अजून दिसायला लागले नव्हते, आणि सनई ऐकू आली. गाडीवान म्हणाला, "हाय की हो गाव!" आम्ही दोघेही हसलो. केवढे हायसे वाटले ते सांगता येत नाही. सनई वाजत होती, म्हणजे देऊळ होते, माणसे होती, पहाट झाली होती.

मग माझ्या तळपायांना कळले. पहिलीच पायरी उंच होती.

गाडी थांबवून मी खाली उतरलो आणि चप्पल काढून, संपेपर्यंत ऐकले. गणपत वाजवत होता. जोडीला कुणीतरी धरलेला सूर गंधारावर होता. दाजीबा गेले होते. कसे गेले ते गावात पोहोचल्यावर समजले : आपल्या घरात, झोपेत, कुणाचा हात न लागता, पहाटेची सेवा करून. त्या वर्षी हे सुख फार थोड्यांना मिळाले. आणि त्यांची जागा, त्यांनी भावाची राखली तशीच, राखलेली होती.

आता संपादकांस. मालकंस त्या देवळात पहाटे वाजला, हे खरे आहे. तो कशासाठी वाजला, हे सांगणारा गणपत गुरव अजून हयात आहे आणि तुमच्या स्मरणिकेच्या छपाईखर्चाची पाटी देवळात जिथे लावली आहे तिथून चाळीस पावलांवर राहतो. 'अज्ञान' हा शब्द छापण्यापूर्वी आपण त्याच्या दारी गेलात काय? आपण कुणाकुणाला विचारलेत? १९४२ साली मी विचारले नव्हते आणि त्याची कबुली वर माझ्या हाताने दिली आहे. आपले उत्तर मला टपालाने नको. येत्या उत्सवात, देवळाच्या पटांगणात, गाव जमलेला असताना, आपले नाव सांगून, गणपत गुरवांसमोर उभे राहून ते द्यावे. मी सतरंजीवर पहिल्या रांगेत बसलेला असेन.